उतारावरची माणसं

विजयाची मिरवणूक चार दिवसांवर आली होती आणि मी न्हाव्याकडे दाढी कातरून घेत बसलो होतो. न्हाव्याला घरी बोलावता आलं असतं, पण खोटं कशाला बोलू, लोकांनी मला बघावं असं मला वाटत होतं. दोन महिने शहरात माझंच नाव चाललं होतं. मासळीवाले टोपल्या ओढून मला वाट करून द्यायचे. मोठ्या चर्चच्या चौथऱ्यावरून माझी युद्धवार्ता वाचली गेली त्या दिवसापासून तर व्याकरण शिकवणारे खडूस म्हातारेही मान लववायला लागले होते, कारण वार्ता मी पद्यात पाठवली होती, बारा बारा अक्षरांच्या ओळींत. रणांगणावरून पद्यात वार्ता धाडणारा सेनापती मीच पहिला. न्हाव्याची कात्री कानाजवळ कचकच वाजत होती आणि मी डोळे मिटून माझ्याच ओळी मनात घोळवत होतो. तेवढ्यात त्या मला बाहेरून ऐकू आल्या. ‘बोट हलता माझे वळली सेना, मागे उरला न एकही माणूस.’ आवाज बाईचा होता, गावाकडचा, पण अक्षर न् अक्षर बरोबर. मी खूश होऊन डोळे उघडले. न्हाव्याच्या दुकानात बाया पाऊल टाकत नाहीत, पण ही सरळ आत येऊन उभी होती. पाय चिंध्यांत गुंडाळलेले, गुडघ्यापर्यंत धूळ, डोक्याला थ्रेसकडच्या विधवा बांधतात तसला फडका.

“हे तुम्हीच केलंय ना, सरकार?” तिनं विचारलं.

मी हो म्हटलं.

“मग माझा नवरा कुठं होता?”

तिचं नाव स्ताना. नवरा द्रागोतास, माझ्या फौजेतला नालबंद. नाव ऐकल्यावर मला आधी माणूस आठवला नाही, माझ्या करड्या घोड्याचा मागचा उजवा खूर आठवला. तो खूर कुणाच्याही हाती टिकत नसे, आणि त्या माणसानं तो असा मांडीवर घेतला होता की घोडा डोळे मिटून उभा राहिला. चेहरा काही केल्या आठवेना. स्ताना रडत नव्हती, भांडतही नव्हती, बाजारात भाव विचारावा तसं बोलत होती. गावच्या पाद्र्यानं माझी वार्ता तीन रविवार वाचून दाखवली, म्हणून तिला पाठ झाली. चौथ्या आठवड्यात लष्करी कचेरीचा माणूस आला. फौज टेकडीवर परतली तेव्हाच्या हजेरीत तिच्या भागातले सत्तावीस जण नव्हते, त्यांची प्रेतंही सापडली नव्हती, आणि सेनापतीनं स्वतः लिहिलंय की मागं एकही उरला नाही. म्हणजे हे सत्तावीस जण पळाले. पळपुट्यांच्या घरात शिपाईगिरीची जमीन राहत नाही, म्हणून सत्तावीस घरांची जमीन काढून घेतली, बैलही नेले. “गावात आता आमच्या दारावरून जाताना बाया थुंकतात,” ती म्हणाली. “ते पळाले असतील तर तसं सांगा. मी घरी जाते.” न्हाव्याची कात्री कधी थांबली ते मला कळलं नाही. दाढी एका बाजूनं कातरलेली आणि एका बाजूनं तशीच, असा मी उठलो आणि रस्त्यावर आलो.

आता उताराचं सांगायलाच हवं. नदीचा तो उतार, म्हणजे पायी ओलांडायची उथळ जागा, फार रुंद नाही, बैलगाडी हाकत ओलांडावा एवढाच. पेचेनेग, ते उत्तरेकडचे घोडेस्वार टोळीवाले, येताहेत अशी खबर सकाळी आली आणि पाठोपाठ ते स्वतःच आले. समोरचं अख्खं गवत हलतंय असं वाटलं. तेवीस वर्षं मी लढलो होतो, पण त्या सकाळी माझ्या पोटात पाणी झालं. पाणी म्हणजे अगदी पाणीच, मला घोड्यावरून उतरावं लागलं. जखमींच्या गाड्या अजून चिखलात होत्या, आणि मी हुकूम सोडला, मागं फिरा, टेकडीवर चला. बोट हलवलं वगैरे काही नाही. ओरडलो, आणि आवाज फाटला. फौज फिरली. टेकडीवर पोचून मी वळून पाहिलं तर खाली उतारात, गाड्यांच्या पुढ्यात, मूठभर माणसं पाय रोवून उभी. नालबंद, दोन-तीन गाडीवान, थ्रेसचे भालेकरी, तिथंच वसलेले आर्मेनियन तिरंदाज. कुणी त्यांना थांबायला सांगितलं नव्हतं. शत्रू त्या अरुंद पाण्यात त्यांच्यावर आदळत राहिला, गर्दी करत राहिला, एकमेकांना तुडवत राहिला. अर्धा दिवस. पडेल त्याला नदी वाहून नेत होती. मग माझ्या शेजारचा घोडेस्वार मला न विचारता खाली सुटला, त्याच्यामागं दुसरा, मग सगळेच. मी शेवटी सुटलो. आम्ही जिंकलो. त्या संध्याकाळी तंबूत मी कागद पुढं ओढला तेव्हा ती माघार केव्हाच माझी युक्ती होऊन बसली होती, मुद्दाम रचलेला डाव. आणि शप्पथ सांगतो, लिहिताना मला ते खरंच वाटत होतं. ओळी कशा धावत आल्या. सत्तावीस माणसं त्या ओळींत मावतच नव्हती. तोर्निक, स्तोइको, मेलिगास, ही काय कवितेत यायची नावं आहेत? ती गाळली आणि कविता लख्ख झाली.

लष्करी कचेरीत मी तसाच अर्ध्या दाढीनं गेलो. कारकून भला माणूस होता, त्यानं मला खुर्ची दिली आणि माझीच वार्ता माझ्यापुढं ठेवली, वर सम्राटाचं शिक्कामोर्तब. मी म्हटलं, यात चूक आहे, दुरुस्त करा. तो हसला. मग त्यानं मला राजवाड्यातल्या अनातोलियोसकडे पाठवलं. अनातोलियोस म्हणजे दरबारी समारंभांचा मुख्य. कोण कुठं उभं राहणार, कोण किती वाकणार, कोणत्या वेळी काय पुकारलं जाणार, सगळं त्याच्या हाती. तो फार हळू बोलतो, आजाऱ्याच्या खोलीत बोलावं तसा. त्यानं मला समजावलं की वार्ता वाचली जात होती तेव्हा सम्राटांचा हात आशीर्वादासाठी उठला होता, आणि ज्यावर तो हात उठला ते खरं. ते खोडायचं म्हणजे हात चुकला म्हणायचं. “आपण कवी आहात,” तो म्हणाला, “आपल्याला एवढं कळायला हवं.” मग माझ्या दाढीकडे बघून त्यानं मिरवणुकीआधी ती नीट करून घ्यायला सांगितलं.

घरी आलो तर स्ताना स्वयंपाकघरात बसून वाटाण्याची आमटी खात होती. माझ्या बायकोनं, युप्राक्सियानं, तिला परस्पर आत घेतलं होतं आणि तिच्याकडून सगळी हकीकत काढून घेतली होती. एकोणीस वर्षांच्या संसारात मी हिच्याशी खोटं बोललो ते फक्त कवितेत, आणि ते हिला प्रत्येक वेळी कळत आलं. मी बसलो. ती म्हणाली, “अहो, ती वार्ता मी ऐकली तेव्हाच मला शंका आली होती.” मी विचारलं, का. “फारच छान होती. तुमच्या खऱ्या कविता जरा लंगड्या असतात.” असं म्हणून तिनं मला वाडग्यात आमटी वाढली. मला राग आला, मग रडू आलं, मग दोन्ही गेलं आणि भूक लागली. मला नेमकी कशाची भीती वाटत होती? पदाची भीती होती, ती असतेच. माझ्या आधीच्या एका सेनापतीचे डोळे काढून त्याला बेटावरच्या मठात टाकलंय, तो अजून जिवंत आहे. पण त्याहून मोठी भीती वेगळीच होती. ती वार्ता खोटी ठरली तर माझ्याजवळ उरतं काय? चाळीस वर्षं ओळी मोजत आलो. त्यातली हीच एक लोकांच्या तोंडी बसली. ती खोडायची म्हणजे स्वतःच्या हातानं स्वतःला खोडायचं. आमटी खाताना हे सगळं मनात चाललं होतं, आणि समोर ती बाई पाव मोडून वाडगं पुसून घेत होती. मी तिला म्हटलं, त्या सत्तावीस जणांची नावं माहीत आहेत का? मला आठच आठवत होती. तिनं पाव खाली ठेवला आणि बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत नावं घ्यायला सुरुवात केली, कोण कुणाच्या शेजारी राहायचा त्या क्रमानं. मी लिहून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा मी दुसऱ्याचं बोलणं एकही शब्द न बदलता लिहून घेत होतो. द्रागोतासचं नाव तिनं शेवटी घेतलं, घरच्या माणसाचं म्हणून.

माझ्या हाती एकच जागा होती. मिरवणूक शर्यतीच्या मैदानात पोचली की सम्राटाच्या सज्ज्यासमोर सेनापती वाळूत पालथा पडतो. मग निळ्यांचा, म्हणजे शर्यतीतल्या निळ्या गटाचा, पुकाऱ्या त्याचं नाव घेतो, चाळीस हजार माणसं तीनदा ‘उदंड आयुष्य’ म्हणतात, सम्राटाचा हात उठतो, आणि हात उठला की निळ्यांची चांदीची बाजाची पेटी भात्यावर गरजते. त्यानंतरच सेनापतीनं उठायचं. कचेरीचे लेखनिक कडेला बसून कुणासाठी हात उठला ते टिपत असतात, आणि तेवढं टिपण कुणी खोडू शकत नाही; ज्याच्यासाठी हात उठला त्याला मग पळपुटा म्हणता येत नाही. माझं नाव एकदा घ्यायचं, एवढी ती जागा. ती मला सत्तावीस जणांना द्यायची होती. पुकाऱ्याचं नाव पोथोस, आवाज असा की बंदरातली जहाजं वळावीत, आणि आवाजाचा तोरा त्याहून मोठा. मी त्याला कागद दिला. त्यानं नावं वाचली, ओठ हलवत, मग माझ्याकडे पाहिलं. “सरकार, ही मेलेली माणसं दिसतात.” मी म्हटलं, हो. “मेलेल्यांना उदंड आयुष्य?” मी म्हटलं, हो. मी त्याला सांगितलं की लोक गप्प बसले तर सगळं फसेल, अनोळखी नावं ऐकून ते गोंधळतील. त्यावर तो इतका हसला की त्याला खोकला आला. “चाळीस हजारांपुढं मी ‘कांदा’ म्हणून पुकारलं ना, तरी ते म्हणतील उदंड आयुष्य. लहानपणापासून म्हणत आलेत, त्यांना दुसरं येत नाही.” मग तो गंभीर झाला आणि विचारलं, दोष कुणाच्या माथी? मी म्हटलं, माझ्या, तसं मी कागदावर लिहून सही केलीय. त्यानं कागद घडी करून छातीशी ठेवला. सत्तावीस नावं ओळीनं पुकारलेला पुकाऱ्या आजवर झाला नव्हता, हेच त्याला पुरेसं होतं.

मिरवणुकीचा दिवस कसा गेला ते मला फारसं आठवत नाही. सोनेरी दरवाजा, पांढरा घोडा, पायाखाली चिरडलेल्या लॉरेलच्या पानांचा कडवट वास, छपरांवरून ओतल्या जाणाऱ्या फुलांबरोबर कुणीतरी टाकलेली एक चप्पल, ती माझ्या खांद्याला लागली. माझ्या डोक्यात नावं चालली होती. मैदानात शिरलो तेव्हा सूर्य तोंडावर होता. घोड्यावरून उतरलो, पुढं गेलो, पालथा पडलो. वाळू गरम होती आणि तिला घोड्यांच्या मुताचा वास येत होता. आता मला काही दिसणार नव्हतं. हात उठला की नाही, ते फक्त पेटीवरून कळणार होतं. वर पोथोसनं श्वास घेतला, तोही मला ऐकू आला, आणि त्यानं पुकारलं, “तोर्निक!”  चाळीस हजार माणसं, एका दमात, “उदंड आयुष्य! उदंड आयुष्य! उदंड आयुष्य!” जमीन माझ्या पोटाखाली हलली. मग शांतता. ती किती लांब होती कोण जाणे, मी तेवढ्यात म्हातारा झालो. आणि पेटी वाजली. अहाहा, ती पेटी! सम्राटही लहानपणापासून तेच करत आलेला, जयघोष थांबला की हात वर. सवयच ती. “स्तोइको!” गर्जना, पेटी. “हाकोब!” गर्जना, पेटी. “रादोस!” मी वाळूत तोंड खुपसून हसत होतो, दातांखाली वाळू कचकचत होती.

पाचवं नाव मेलिगासचं. गर्जना झाली, आणि पेटी वाजली नाही. पोथोस थांबला, पेटीशिवाय पुढचं नाव घ्यायची रीत नाही. मग वाळूवरून मऊ पावलं आली, आणि अनातोलियोस माझ्या कानाशी वाकला. आजाऱ्याच्या खोलीतल्या त्याच आवाजात म्हणाला, “सम्राट विचारताहेत, ही माणसं कोण?” इथं मला काहीही सांगता आलं असतं. माझे जुने सरदार, माझे विश्वासू, काहीही. एक सुंदर ओळ तर जिभेवर येऊनही बसली, तिची बारा अक्षरंसुद्धा भरत होती. ती मी गिळली.

“मी भिऊन पळायचा हुकूम दिला,” मी म्हणालो. “यांनी तो मानला नाही. आपण जिंकलो ते यांच्यामुळं.”

तो आणखी खाली वाकला. मग विचारलं, “हेच सांगू?” मी म्हटलं, शब्दही बदलू नका. पावलं परत गेली, सज्ज्याच्या पायऱ्या चढली. मी त्या मोजत होतो आणि माझे डोळे मला एकाएकी फार प्रिय वाटायला लागले, वाळूचा एकेक कण पाहून घेत होतो. आणि मग जे झालं ते या शहरातच होऊ शकतं. लोकांना अनातोलियोस काय बोलला ते ऐकू आलं नव्हतं. त्यांना एवढंच कळलं की पेटी वाजली नाही, आणि पेटी वाजली नाही म्हणजे आपण पुरेसं ओरडलो नाही. वरच्या बाकांवरून कसायांच्या बाजूनं कुणीतरी सुरू केलं, मग हिरव्यांची बाजू, मग निळ्यांची, एकमेकांवर कडी करत, जणू मेलिगास त्यांच्या घरातलाच कुणी होता. “मेलिगास! उदंड आयुष्य! मेलिगास! उदंड आयुष्य!” पाच मुलांचा बाप, गाडीवान मेलिगास, ज्यानं जन्मात हे शहर पाहिलं नाही. मुली किंचाळत होत्या, म्हातारे बाकांवर काठ्या आपटत होते. थांबायचं नावच घेईनात. एवढा जयघोष मी सम्राटाच्या स्वतःच्या लग्नातही ऐकला नव्हता. आणि त्या कल्लोळावर, त्याला भेदून, पेटी गरजली.

त्यानंतर ती थांबली नाही. सम्राटाच्या मनात काय आलं ते मला आजही माहीत नाही. त्याला खरं पटलं असेल, किंवा चाळीस हजारांपुढं हात खाली ठेवायची छाती झाली नसेल, मला काय त्याचं? नाव, गर्जना, पेटी. नाव, गर्जना, पेटी. विसाव्या नावाला पोथोसचा घसा चिरला आणि तो तसाच चिरक्या आवाजात पुकारत राहिला. ओबडधोबड, एकमेकांशी न जुळणारी नावं, कुठं तीन अक्षरं, कुठं पाच, ना यमक ना ताल, आणि अख्खं शहर ती पाठोपाठ म्हणत होतं. माझी म्हणून सांगावी अशी कविता आयुष्यात एकच झाली, आणि तीतला एकही शब्द माझा नव्हता. शेवटी “द्रागोतास!” आणि तो करडा घोडा, मांडीवर घेतलेला खूर, आणि एकाएकी, पुरता, त्याचा चेहरा. भुवईवर ठिणगीनं जळल्याचा डाग होता त्याच्या. तोंडात दोन खिळे धरून तो माझ्याकडे बघून हसला होता. पेटी वाजली. मी वाळूत ओक्साबोक्शी रडलो, आनंदानं.

मग सगळं शांत झालं, आणि माझं नाव कुणी घेणार नव्हतं. पुकारल्याशिवाय उठायचं नाही अशी रीत. मी थोडा वेळ पडून राहिलो. मग उठलो. गुडघे कडकड वाजले. लेखनिकांच्या बाकाकडे पाहिलं, सगळे माना खाली घालून भराभर लिहीत होते.

सेनापतीपद माझं महिनाभरात गेलं, फार गाजावाजा न करता. पण ते पुढचं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्ताना निघाली, फडक्यात कचेरीचा शिक्क्याचा कागद बांधून. सत्तावीस घरांची जमीन परत. मी तिला माझं सगळ्यात चांगलं खेचर देऊ केलं. ती त्याच्याभोवती एकदा फिरली आणि म्हणाली, “हे कशाला? यानं नांगरट होत नाही. बैल असेल तर द्या. पेरणी टळतेय.” माझ्या पागेत अठ्ठेचाळीस घोडे, बैल एकही नाही. मी आदल्या दिवशीचा जरीचा झगा अंगावर तसाच घालून, अजून दाढीत वाळू, तिच्याबरोबर गुरांच्या बाजारात गेलो. तिनं चार बैलांचे दात पाहिले, त्यातल्या दोन बैलांच्या व्यापाऱ्यांना चार शब्द सुनावले, आणि एक तांबडा, रुंद कपाळाचा निवडला. तो मी स्वतः हाकत शहरातून नेला. मासळीवाल्यांनी टोपल्या बाजूला घेतल्या. दरवाज्यावरच्या पहारेकऱ्यांनी भाले आपटून सलाम केला, मला की बैलाला, देव जाणे. वाट फुटते तिथपर्यंत मी बोलत होतो, द्रागोतासच्या डागाचं, खिळ्यांचं, हसण्याचं, आणि ती मान हलवत ऐकत होती. “हो, तसाच होता तो,” ती म्हणाली. मग तिनं कासरा माझ्या हातातून घेतला आणि घरच्या वाटेला लागली.